रक्तातील विळा

वैनगंगा ओलांडून पूर्वेकडे निघाले, म्हणजे शेतांचे बांध हळूहळू मागे पडतात आणि साग, मोह, ऐन, तेंदू यांचे रान दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागते. एके काळी हा सारा मुलूख चांदा या एकाच नावाने ओळखला जाई. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्या मोठ्या जिल्ह्याची विभागणी झाली. पश्चिमेकडील भाग चंद्रपूर जिल्हा म्हणून राहिला व पूर्वेकडील भागाचा गडचिरोली हा नवा जिल्हा झाला. गोंड, माडिया, परधान, कोलाम अशा अनेक जमाती येथे पिढ्यान् पिढ्या नांदत आल्या आहेत. पावसाळ्यात धानाची रोवणी, चैत्रात मोहफुलांची वेचणी आणि वैशाखाच्या रणरणत्या उन्हात तेंदूपानांची तोडणी, असा त्यांचा वर्षाचा क्रम असतो.

या रानात एक आजार फार दिवसांपासून वस्तीला आहे. त्याला जुने असे नाव नाही. सहा-आठ महिन्यांच्या तान्ह्या बालकाचे हातपाय एकाएकी सुजतात व ते रात्रभर रडते. थोडे मोठे झाल्यावर त्याच मुलाच्या पाठीत, मांड्यांत, छातीत मधूनमधून अशा कळा येतात, की त्याला अंथरुणावर कूसही बदलता येत नाही. डोळे पिवळट दिसतात. चार पावले धावले की धाप लागते. काही दिवसांनी दुखणे ओसरते आणि पुन्हा केव्हातरी उलटते. एकाच घरातील दोन मुले अशी आजारी असावीत व तिसरे ठणठणीत असावे, हेही पुष्कळदा घडते. असे का होते, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. कोणी त्याला करणी म्हणत, कोणी दैवताचा कोप म्हणत. कारण ठाऊक नसले, म्हणजे मनुष्य जे हाताशी सापडेल त्यालाच कारण मानतो. यात रानातील लोकांचा काही वेगळा दोष आहे असे नाही. शहरातील डॉक्टरही या दुखण्याला कधी संधिवात, कधी कावीळ, तर कधी नुसताच अशक्तपणा म्हणून औषध देत असत.

या रोगाचा पहिला धागा सापडला तो हजारो कोसांवर, अमेरिकेतील शिकागो शहरात. वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा एक तरुण कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून तेथे दंतवैद्यक शिकण्यासाठी आला होता. १९०४ साली तो आजारी होऊन रुग्णालयात आला. तेथील तरुण डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला, तेव्हा त्यांना मोठे नवल वाटले. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या असतात. मध्यभागी किंचित दबलेल्या, पेढ्यासारख्या. या रक्तात मात्र कित्येक पेशी लांबट, वाकलेल्या आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत्या. आयर्न्स यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी सहा वर्षे वाट पाहून, पुन्हा पुन्हा तपासणी करून, १९१० साली हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पेशींचा आकार विळ्यासारखा होता. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात व पेशीला सेल. म्हणून पुढे या रोगाला 'सिकलसेल' हे नाव पडले. आज गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यावरील म्हातारीसुद्धा हा शब्द सहज उच्चारते.

पेशी वाकडी का होते? याचे उत्तर मिळण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचे एक द्रव्य ठासून भरलेले असते. फुप्फुसांत गेल्यावर ते प्राणवायू उचलते व शरीराच्या कानाकोपऱ्यांत नेऊन पोहोचवते. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच मुळात निराळे असते. पुढे १९५६ साली केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो निराळेपणा नेमका कोठे आहे हे शोधून काढले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ कड्या असतात. त्यांपैकी केवळ सहावी कडी बदललेली असते. बाकीच्या सर्व जशाच्या तशा. 'जळ' या शब्दातील एक अक्षर बदलले, की त्याचा 'मळ' होतो. तसाच हा प्रकार होय. प्राणवायू जवळ आहे तोवर हे सदोष हिमोग्लोबिन नीट वागते. प्राणवायू सोडून दिल्यावर मात्र त्याचे कण एकमेकांना चिकटून ताठ दोऱ्या बनतात, त्या दोऱ्या पेशीला आतून ताणतात आणि वाटोळी पेशी विळ्यासारखी वाकते.

निरोगी तांबडी पेशी लवचीक असते. केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिनीतून ती अंग चोरून पलीकडे जाते. वाकडी पेशी कडक असते. ती अडते, तिच्यामागे दुसरी अडते आणि नाल्याच्या मोरीत काटक्या साचाव्यात तसा तेथे बांध पडतो. त्यापुढच्या मांसाला वा हाडाला रक्त मिळत नाही. रुग्णाला येणाऱ्या कळा त्या या उपासमारीच्या कळा होत. शिवाय निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर वाकडी पेशी १०-२० दिवसांतच फुटते. नव्या पेशी तितक्या वेगाने तयार होऊ शकत नाहीत, म्हणून रक्त कायम कमी असते. फुटलेल्या पेशींतील रंगामुळे डोळे पिवळे दिसतात.

हा रोग एकाच्या स्पर्शाने दुसऱ्याला होत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याच्या शेजारी निजल्याने किंवा त्याची सेवा केल्याने तो लागत नाही. तो केवळ जन्माने येतो. कसा येतो, हे धानाच्या बियाण्यावरून समजून घेता येईल. प्रत्येक मनुष्याच्या ठायी हिमोग्लोबिन घडविणारी दोन बीजे असतात. एक आईकडून आलेले, दुसरे बापाकडून. दोन्ही चांगली असली, तर प्रश्नच नाही. एक चांगले व एक सदोष असले, तर तो मनुष्य 'वाहक' म्हणविला जातो. तो धडधाकट असतो, शेती करतो, डोंगर चढतो. आपल्या अंगी असे काही आहे याची त्याला बहुधा गंधवार्ताही नसते. दोन्ही बीजे सदोष असली, तरच खरा रोग होतो. आता वाहक पुरुष व वाहक स्त्री यांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी चार शक्यता असतात: एकीत अपत्य पूर्ण निरोगी, दोहोंत वाहक आणि एकीत रोगग्रस्त. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन चांगलीच होतील, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक जन्माच्या वेळी निसर्ग पुन्हा नव्याने फासे टाकतो.

इतके घातक बीज माणसांतून केव्हाच नाहीसे का झाले नाही? या कोड्याचे उत्तर हिवतापात आहे. १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत केलेल्या अभ्यासातून असे दाखविले, की सिकलसेलचे एकच बीज असलेल्या वाहकांना घातक हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. जेथे हिवतापाने मुले पटापट दगावत, तेथे वाहक मुले जगली, वाढली आणि त्यांच्या पोटी ते बीज पुढे आले. गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वांत हिवतापग्रस्त जिल्हा म्हणून ओळखला जातो, हे ध्यानी घेतले म्हणजे या रानात हे बीज का टिकले ते कळते. पूर्वजांना ज्याने तारले, तेच वंशजांना जाचते आहे. मात्र ज्याच्या अंगी दोन्ही बीजे सदोष आहेत, त्याला हिवतापापासून असा आसरा मिळत नाही. उलट हिवताप त्याच्या जिवावर बेतू शकतो.

भारतात हे बीज प्रथम आढळले ते १९५२ साली, निलगिरी पर्वतातील आदिवासींमध्ये. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ साली, शुक्ल आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातील रक्ततपासणीचा वृत्तान्त 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला व नागपूरकडील भागातही ते बीज असल्याचे जगाला कळले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पाड्यांवर, पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी हेच काम वर्षानुवर्षे चिकाटीने चालविले. या सेवेबद्दल त्यांना २०१९ साली पद्मश्री हा किताब मिळाला. हळूहळू असे दिसून आले, की हे बीज केवळ जंगलातील जमातींपुरते नाही. विदर्भातील इतर अनेक समाजांतही ते आहे.

गडचिरोलीतील शोधाची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. डॉ. अभय बंग हे वर्ध्याचे, सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले, डॉ. राणी बंग या चंद्रपूरच्या. दोघांनी नागपूर येथे वैद्यकाचे उच्च शिक्षण घेतले आणि पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथून परतल्यावर मोठ्या शहरात न राहता १९८६ साली त्यांनी गडचिरोली गाठली व 'सर्च' या संस्थेच्या द्वारा काम आरंभिले. पहिल्या काही वर्षांतच त्यांच्या ध्यानी आले, की येथील अशक्त, सांधे दुखणाऱ्या रुग्णांपैकी काहींच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी आहेत. त्यांनी गावोगाव जाऊन रक्ताचे नमुने घेतले. हे बीज जिल्ह्यात चांगलेच पसरलेले आढळले. वैद्यकीय जगाच्या दृष्टीने शोध महत्त्वाचा होता. शासनानेही त्याची दखल घेतली.

परंतु ज्यांच्यासाठी हा शोध, त्या लोकांना त्याचे फारसे काही वाटले नाही. बंग दांपत्य यामुळे चकित झाले. त्यांनी लोकांनाच विचारले, तेव्हा कळले, की हा प्रश्न लोकांनी मांडलेलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांदेखत तान्ही मुले मरत होती, बाळंतिणी मरत होत्या, आणि त्या दुःखापुढे हे दुखणे त्यांना दूरचे वाटत होते. डॉ. बंग यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे, की ते संशोधन लोकांच्या गरजेपेक्षा संशोधकाच्या कुतूहलातून झाले होते. असे कबूल करणारे संशोधक थोडे असतात. त्यानंतर त्यांनी आधी लोकांना विचारावयाचे व मग संशोधनाचा विषय ठरवावयाचा, असा क्रम स्वीकारला. त्या क्रमातूनच न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू व नवजात अर्भकांची घरच्या घरी घ्यावयाची काळजी यांवरील त्यांचे जगप्रसिद्ध काम उभे राहिले.

दवाखान्याविषयी विचारले, तेव्हाही लोकांनी असेच रोखठोक सांगितले. तुमचे डॉक्टर व परिचारिका पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढरे वस्त्र प्रेतावर घालतो. तुम्ही रुग्णाला नातेवाइकांपासून तोडून ठेवता. तुमच्या दवाखान्यात आमचा देव कोठे आहे? हे ऐकून १९९३ साली उभ्या राहिलेल्या 'शोधग्राम' येथील दवाखान्याची रचना गावासारखी करण्यात आली. रुग्णासोबत नातेवाइकांना राहता येईल अशा झोपड्या बांधल्या आणि दवाखान्याला नाव दिले ते आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे.

सिकलसेलचे दुखणे मात्र तसेच राहिले होते. हाडांच्या कळा रुग्णाला ओरडून सांगतात, की येथे काही बिघडले आहे. शरीरातील एक अवयव मात्र पुष्कळ सोसतो व बराच काळ ब्रही काढत नाही. तो म्हणजे मूत्रपिंड.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, घेवड्याच्या बीच्या आकाराची, प्रत्येकी मुठीएवढी अशी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्या मिळून जवळजवळ १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. एवढे सारे पाणी बाहेर गेले असते, तर मनुष्य एका दिवसात सुकून गेला असता. म्हणून मूत्रपिंड त्यातील बहुतेक पाणी पुन्हा शोषून रक्तात परत पाठविते आणि केवळ दीड लिटरभर मूत्र बाहेर टाकते. पाणी परत ओढण्यासाठी त्याच्या आतल्या गाभ्यात खारटपणा फार दाट ठेवलेला असतो. तेथे प्राणवायूही अगदी थोडा असतो. आता विळ्याची पेशी केव्हा वाकते, ते आठवावे: प्राणवायू कमी झाला की, आणि पेशीतील पाणी कमी झाले की. मूत्रपिंडाच्या गाभ्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. शरीरात पेशी वाकण्यास याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

यास्तव सिकलसेलग्रस्त मुलाच्या मूत्रपिंडाचा गाभा अगदी लहानपणीच बिघडू लागतो. पाणी वाचविण्याची त्याची शक्ती कमी होते. मूल वारंवार लघवीला जाते, रात्री अंथरूण ओले करते आणि त्याबद्दल घरात बोलणी खाते. खरे पाहता त्यात त्या मुलाचा आळस वा खोड काही नसते. त्याच्या शरीरात पाणी टिकतच नाही. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील कडक उन्हाळ्यांपैकी एक. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत घरेच्या घरे तेंदूपाने तोडावयास पहाटेपासून रानात असतात. अशा वेळी या मुलाच्या अंगातील पाणी इतरांहून लवकर आटते, रक्त दाट होते, पेशी अधिक वाकतात व कळा सुरू होतात. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती भरपूर पाणी पिण्याची. हा उपदेश कोणाला क्षुल्लक वाटेल. त्यामागे मूत्रपिंडाचे सारे शास्त्र उभे आहे. वाहकाच्या मूत्रपिंडातही याचा थोडासा परिणाम दिसतो. क्वचित त्याच्या लघवीतून रक्त जाते.

वय वाढते तसा पुढचा बिघाड होऊ शकतो. गाळण्यांची भोके सैल पडतात व रक्तातील प्रथिने लघवीतून वाहून जाऊ लागतात. रुग्णाला याची काहीच जाणीव नसते. रसायनात भिजवलेली कागदाची एक पट्टी लघवीत बुडविली, तर मात्र तिचा रंग बदलून हे कळते. वेळीच कळले, तर औषधांनी ते पुष्कळ आवरता येते. न कळले, तर काही रुग्णांची मूत्रपिंडे कालांतराने निकामी होतात.

निकामी मूत्रपिंडाचे काम यंत्राकडून करवून घेण्याची युक्ती विल्यम कोल्फ या डच डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, प्रथम साधली. रक्त शरीराबाहेर काढून यंत्रात शुद्ध करावयाचे व परत शरीरात सोडावयाचे, यास 'डायलिसिस' म्हणतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, असे ते जन्मभर चालवावे लागते. दुसरा मार्ग मूत्रपिंड बदलण्याचा. एकाचा अवयव दुसऱ्याच्या शरीराला परका वाटतो आणि रक्तातील रक्षक पेशी त्यावर तुटून पडतात, हे पीटर मेडावर यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्याबद्दल त्यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. एकसारख्या जुळ्यांचे शरीर मात्र एकमेकांना परके नसते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले व तो आठ वर्षे जगला. त्या भावांचे आडनावही योगायोगाने हेरिक असेच होते. आपल्या देशात १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात असा प्रयत्न झाला व १९७१ साली वेल्लोर येथे तो यशस्वी झाला. मरणोत्तर अवयवदान कसे व्हावे, याविषयीचा कायदा १९९४ साली झाला. विदर्भातील अशा दानाची व्यवस्था नागपूर येथील समन्वय समिती पाहते.

भामरागडच्या रुग्णाला नागपूर ३०० किलोमीटरांहून अधिक दूर, ही एक अडचण झाली. सिकलसेलच्या रुग्णापुढे दुसरी, अधिक खोल अडचण असते. मूत्रपिंड नवे बसविले, तरी त्यातून फिरणारे रक्त जुनेच असते. तीच वाकडी पेशी नव्या मूत्रपिंडाच्या गाभ्यात शिरते व तेथेही तसेच बांध घालू शकते. मूत्रपिंडरोपणाने अशा रुग्णांचे आयुष्य वाढते, यात शंका नाही. परंतु नदी उगमाशीच गढूळ असेल, तर काठावरचा घाट बदलून पाणी निवळणार नाही.

रक्ताचा उगम हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत आहे. तीच बदलली तर? डॉ. डॉनल थॉमस यांनी अनेक वर्षे खपून अस्थिमज्जा बदलण्याची विद्या सिद्ध केली. १९९० साली त्यांना व मूत्रपिंडरोपण करणाऱ्या मरे यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. १९८०च्या दशकात अमेरिकेत एका मुलीला रक्ताचा कर्करोग झाला म्हणून तिची अस्थिमज्जा बदलण्यात आली. तिला सिकलसेलही होता आणि त्या एकाच उपचाराने तोही नाहीसा झाला! तेव्हापासून सिकलसेल बरा होऊ शकतो, हे जगाला कळले.

या उपचारात प्रबळ औषधांनी रुग्णाची जुनी मज्जा नष्ट करतात व दात्याची मज्जा रक्त चढवावे तशी शिरेतून देतात. तिच्यातील बीजपेशी आपला मार्ग शोधीत हाडांत जाऊन रुजतात. दाता सख्खा भाऊ किंवा बहीण असल्यास उत्तम. परंतु दोन भावंडांची जुळणी होण्याचा संभव चारांत एक इतकाच असतो. दाता स्वतः वाहक असला, तरी चालते. उपचार मोठ्या शहरांतच होतो, त्याचा खर्च फार असतो आणि त्यात धोकाही आहे. २०२३ साली ब्रिटन व अमेरिका या देशांनी रुग्णाच्याच बीजपेशींत दुरुस्ती करण्याच्या नव्या उपचारालाही मान्यता दिली. तोही अतिशय महाग आहे. रानातील हजारो मुलांना आज हे दोन्ही मार्ग मोकळे नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

त्यांच्यासाठी जे साधले आहे, ते अधिक साधे आहे. जन्मानंतर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन असते व ते पेशींना वाकू देत नाही. म्हणूनच रोगाची लक्षणे सहा महिन्यांच्या सुमारास दिसू लागतात. 'हायड्रॉक्सियुरिया' नावाचे औषध हे बालपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढविते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व त्यांचे सहकारी यांनी, लहान मुलांना हे औषध अल्प मात्रेत दिले तरी त्यांच्या कळा पुष्कळ कमी होतात, हे अभ्यासाने दाखविले. मात्रा कमी म्हणजे खर्च कमी, आणि त्यामुळे सरकारी दवाखान्यातून ते देणे सुकर झाले. नवजात बालकांची तपासणी करून रोग आधीच ओळखण्याचे कामही नागपुरात झाले आहे.

तथापि औषध देण्यापूर्वी रोगी सापडला पाहिजे. तपासणी अवघड नाही. बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब घेऊन तो एका द्रावणात टाकतात. द्रावण स्वच्छ राहिले व नळीमागे धरलेल्या कागदावरील काळ्या रेघा दिसल्या, तर रक्त निर्दोष. ते गढूळ झाले व रेघा लपल्या, तर सिकलसेलचे बीज आहे असे समजावे. ते एक आहे की दोन, हे मात्र प्रयोगशाळेतील दुसऱ्या परीक्षेने ठरते. विजेच्या प्रवाहात ठेवले असता निरोगी व सदोष हिमोग्लोबिन वेगवेगळ्या गतीने सरकतात. अशा परीक्षांसाठी नमुने लांब पाठविण्याची वेळ येऊ नये म्हणून चंद्रपुरातच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिनच्या विकारांचे केंद्र आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षे वयापर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करावयाची व २०४७ पर्यंत हा रोग हटवावयाचा, असा तिचा संकल्प आहे.

महाराष्ट्रात तपासणीनंतर रंगीत कार्ड देण्याची पद्धत आहे. निरोगी व्यक्तीस पांढरे, वाहकास पिवळे, रुग्णास लाल. विवाह ठरविण्यापूर्वी दोन्हीकडची कार्डे पाहावीत, दोन्ही पिवळी असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे गावोगाव सांगितले जाते. हे सांगणे सोपे, आचरणे कठीण आहे. पिवळ्या कार्डाचा माणूस आजारी नसतो. तरीही लोक त्याला आजारी समजून मुलगी देण्याचे नाकारतील, अशी भीती घरोघर असते आणि त्यापायी कित्येक जण कार्ड पेटीच्या तळाशी ठेवून देतात. रक्ताचा थेंब तपासणे हे काही क्षणांचे काम; मनातील ही भीती काढण्यास आरोग्यसेविकेला त्याच उंबरठ्यावर अनेक वेळा जावे लागते.

लाल कार्डाच्या मुलाविषयी डॉक्टर त्याच्या शिक्षकांनाही काही सूचना देतात. त्याला कडक उन्हात वा थंडीत फार वेळ उभे करू नये. ताप आल्यास विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. वर्ग चालू असता त्याच्याजवळ पाण्याची बाटली असू द्यावी, आणि लघवीसाठी बाहेर जाण्याची परवानगी त्याने मागितली, तर कितव्यांदा मागतो हे न मोजता ती द्यावी.